न्यायाधीश कोण होणार, यावरून एवढी भांडणं का?

ऑगस्ट २०१७. गणपती दारात आलेले. मुंबई हायकोर्टात शांतता क्षेत्रांचं (इस्पितळं, शाळा, कोर्टं यांच्याभोवतीच्या आवाजबंदीच्या परिसरांचं) प्रकरण सुरू होतं आणि त्याच्या मुळाशी होती ठाण्यातल्या एका डॉक्टरांची जनहित याचिका: रस्ता अडवणारे मंडप, रात्रीचे लाऊडस्पीकर, सणासुदीचा गोंगाट. वर्षभर आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने या विषयावर लांबलचक निकाल दिला होता. लाऊडस्पीकर लावणं हा मूलभूत हक्क म्हणून कुठल्याच धर्माला मागता येणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियम बदलला. राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा आता शांतता क्षेत्र ठरणार नव्हती. खंडपीठाचं म्हणणं, आमचा आधीचा आदेश अजून उभा आहे.

यावर राज्य सरकारने एक अर्ज केला. न्यायमूर्ती ओक आमच्याबद्दल पूर्वग्रह बाळगून आहेत, हे प्रकरण त्यांच्याकडून काढा. मुख्य न्यायमूर्तींनी ते काढलंही. वकील मंडळी खवळली, संघटनांनी निषेध केला आणि काही दिवसांत चाकं उलटी फिरली. मुख्य न्यायमूर्तींनी आदेश मागे घेतला, ओक यांचा समावेश असलेलं तीन न्यायमूर्तींचं पीठ बसवलं आणि सरकारने माफी मागितली. पुढे सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या शांतता क्षेत्रांबाबतच्या आदेशाला स्थगिती दिली, ती गोष्ट निराळी.

प्रकरण कोणाकडेही गेलं तरी याचिका तीच होती, बदललेला नियमही तोच, ढोलही तेच. प्रश्न एवढाच होता की समोर खुर्चीवर कोण बसणार. दिल्लीत हेच भांडण मोठ्या पटावर गेली पन्नास वर्षं चाललंय. कॉलेजियम, एनजेएसी, ज्येष्ठता डावलणं हे शब्द बातम्यांत येतात आणि वाचणारा पान उलटतो, कारण हा वकिलांचा आपसातला मामला वाटतो. तो तसा नाही. आपले हक्क घटनेत फार थोड्या शब्दांत लिहिलेले आहेत. ते शब्द कोण वाचतो यावर ते केवढे ठरतात, आणि म्हणून वाचणारा कोण निवडणार, यावर सगळी ओढाताण आहे.

कलम २१ घ्या. एकच वाक्य आहे. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढाच त्याचा मतलब. त्यात आवाजाचा उल्लेख नाही, पासपोर्टचा नाही, खारफुटीचा तर नाहीच नाही. १९५० मध्ये ए. के. गोपालन या कम्युनिस्ट नेत्याला प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे खटला न चालवता, डांबून ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टाने तेव्हा ही ओळ अगदी बेताने वाचली. संसदेने कायदा केलाय ना, त्यात पद्धत लिहिलीय ना, मग विषय संपला. ती पद्धत न्याय्य आहे का, हे बघणं आमचं काम नाही.

१९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात तेच कोर्ट म्हणालं की पद्धत नुसती असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. घटनेतली ओळ तीच राहिली होती. वाचणारे बदलले होते आणि मधे आणीबाणी होऊन गेली होती.

तिथून पुढे ही ओळ पसरत गेली. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात, ज्याला ऑल्गा टेलिस खटला म्हणतात, पोट भरण्याचं साधन हाही जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नको असलेल्या आवाजापासून सुटका हीसुद्धा कलम २१ मध्ये बसते असं सांगितलं आणि रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी पक्की केली. ठाण्यात रात्री दहाला पोलिसांची गाडी येऊन स्पीकर बंद करायला सांगते, त्यामागे हा निकाल आहे. (गाडी येते का आणि कधी येते, हा प्रश्न मात्र न्यायशास्त्राच्या कक्षेबाहेरचा.) २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने खारफुटी नष्ट करणं म्हणजे कलम २१ चा भंग आहे असं सांगितलं. ठाण्याच्या खाडीपासून उरणपर्यंत किनाऱ्यावर भराव टाकणाऱ्यांना आजही हा निकाल आडवा येतो. त्या खंडपीठावरही न्या. ओक होते.

नवी मुंबईतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. घणसोलीत सरकारी क्रीडा संकुलासाठी ठेवलेली जागा बांधकामाकडे वळवायची आणि संकुल रायगडात, माणगाव तालुक्यात न्यायचं, असं सरकारने ठरवलं होतं. म्हणजे घणसोलीच्या पोराने धावायला माणगावला जायचं! हायकोर्टाने २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. सिडको सुप्रीम कोर्टात गेली, तिथेही दाद मिळाली नाही.

पण दरवेळी कोर्ट आपल्या बाजूने उभं राहतं, असा भाबडा समज नको. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींमध्ये आयुष्यभराची पुंजी घालून बसलेली कुटुंबं होती. हायकोर्टाने कारवाईचा आदेश दिला तेव्हा बिल्डर गायब आणि नोटिशी रहिवाशांच्या दारावर. जून २०२५ मध्ये शीळच्या १७ बेकायदा इमारती पाडण्याच्या आदेशातही सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. ऑल्गा टेलिस निकालातसुद्धा लोक विसरतात तो भाग असा, की रीतसर नोटीस देऊन, पद्धत पाळून फुटपाथवरून हटवता येईल असंही कोर्टाने म्हटलं होतं. हक्क मान्य होणं आणि घर वाचणं यात बरंच अंतर असतं.

हक्काचा भंग झाला तर जायचं कुठे? कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं आणि तसं जाणं हाच एक मूलभूत हक्क आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. व्यवहारात मात्र ठाणेकर कलम २२६ खाली मुंबई हायकोर्टात रिट टाकतो, कारण लोकल पकडून फोर्टात पोचता येतं, दिल्ली परवडत नाही. तिथे हरला तर कलम १३६ खाली सुप्रीम कोर्टाची परवानगी मागायची. बहुतेकांची धाव हायकोर्टापर्यंतच संपते. म्हणून हायकोर्टाच्या नेमणुका सुप्रीम कोर्टाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, जरी मथळे दिल्लीचे होत असले तरी.

सरकारला न्यायाधीशांचा राग का येतो?

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की एक काका नेहमी विचारतात, "अहो, लोकांनी निवडून दिलेलं सरकार मोठं की पाच-सात काळे कोट मोठे?" प्रश्न चुकीचा नाही. इंदिरा गांधींच्या सरकारलाही हाच प्रश्न पडला होता.

१९६७ च्या गोलकनाथ निकालात कोर्टाने ६ विरुद्ध ५ अशा मतांनी सांगितलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. संसदेने घटनादुरुस्त्या करून तो निकाल फिरवायला घेतला. मग केशवानंद भारती खटला आला. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर आजचा देश वेगळा दिसला असता. सरन्यायाधीश सिक्री दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी रिवाजाप्रमाणे न्या. शेलाट यायला हवे होते. सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना ओलांडून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघेही निकालात सरकारच्या विरुद्ध बाजूला होते आणि रे सरकारच्या बाजूला. तिघांनी राजीनामे दिले.

तीन वर्षांनी त्याची किंमत देशाने मोजली. आणीबाणीत हजारो लोक बिनचौकशी तुरुंगात होते. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं की अटक बेकायदा आहे का, एवढं तरी आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ मतांनी तोही दरवाजा बंद केला. आणीबाणी असेपर्यंत कलम २१ मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून न्या. बेग यांच्याकडे गेलं. खन्नांनीही राजीनामा दिला.

आता इथे एक गाठ आहे. ती सोडवल्याशिवाय पुढे गेलं तर सगळं फार सोपं वाटेल. १९७६ मध्ये बहुमतात असलेल्या त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते आणि न्या. भगवती होते. आणि मनेका गांधी निकालातलं मुख्य मत भगवतींचं आहे, फुटपाथवाल्यांच्या पोटाचा हक्क मानणारा १९८५ चा निकाल चंद्रचूडांनी लिहिलेला आहे. माणसं तीच. तेव्हा 'चांगला न्यायाधीश आणा, हक्क सुरक्षित' असं गणित मांडता येत नाही. माणसाइतकीच हवा महत्त्वाची असते. सरकार दंडेलीच्या मूडमध्ये असताना कणा ताठ ठेवणारी माणसं थोडीच असतात, आणि सरकारच्या हातात बढती असेल तर आणखी थोडी. नेमणुकीचं भांडण खरं त्या बढतीचं आहे.

(जाता जाता: १९७६ चा तो निकाल २०१७ च्या खासगीपणाच्या खटल्यात रद्द ठरवला गेला, आणि तसं लिहिणारे न्यायाधीश होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सरन्यायाधीशपदाची सूत्रं दिली ती संजीव खन्नांकडे, म्हणजे हंसराज खन्नांच्या पुतण्याकडे. नियतीचा न्याय म्हणा, किंवा आपल्याकडची न्यायव्यवस्था किती मोजक्या घरांत फिरते याचा पुरावा म्हणा. मला दोन्ही खरं वाटतं.)

कॉलेजियम आलं कुठून?

घटनेत 'कॉलेजियम' हा शब्द नाही. कलम १२४ म्हणतं की राष्ट्रपती न्यायाधीशांची नेमणूक करतील आणि सरन्यायाधीशांचा सल्ला घेतील. सल्ला बंधनकारक की ऐच्छिक, यावर पुढची सगळी लढाई झाली. घटना समितीत काहींनी सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करा अशी मागणी केली होती. मे १९४९ मध्ये आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी शेवटी माणूस आहे, त्यालाही भावना आणि पूर्वग्रह असतात, त्याच्या एकट्याच्या हातात नकाराधिकार देणं धोक्याचं आहे, असा त्यांचा रोख होता. सगळं सरकारच्या हातात देणंही त्यांना नको होतं. मधला रस्ता म्हणून सल्ला.

१९८१ मध्ये कोर्ट म्हणालं, सल्ला म्हणजे सल्लाच, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नेमकं उलट सांगितलं: शेवटचा शब्द सरन्यायाधीशांचा, पण त्यांनी तो ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून द्यायचा. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी खुलासा मागितला तेव्हा रचना पक्की झाली. सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश, हायकोर्टाच्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि दोन. हेच कॉलेजियम. सोसायटीच्या कमिटीने ठरवावं की पुढची कमिटी आम्हीच नेमणार, आणि उपविधीचा तसा अर्थही आम्हीच लावणार, असा हा प्रकार आहे. सभासद कुरकुरणारच. पण मागची कमिटी बिल्डरने नेमलेली होती आणि तिने काय दिवे लावले, हेही सभासदांना आठवत असतं.

प्रत्यक्षात नाव कसं जातं ते बघू. समजा ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर सुरुवात करून हायकोर्टात नाव कमावलेले एखादे वकील आहेत. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती त्यांचं नाव काढतात. ते मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातं, तिथून केंद्रीय कायदा मंत्रालयात. इंटेलिजन्स ब्युरो माणसाची कुंडली तपासते: व्यवहार कसे, बैठक कोणाबरोबर, लोक काय बोलतात. मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम विचार करतं, शिफारस करतं. सरकार एकदा फाइल परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करायलाच हवी, असा नियम. किती दिवसांत, ते मात्र मूळ व्यवस्थेत कुठेच नव्हतं. सगळी मेख तिथे आहे. सरकारला 'नाही' म्हणायची गरजच पडत नाही. फाइल दाबून ठेवली की काम झालं.

ठाण्याचे म्हणून न्या. ओक यांचाच प्रवास पाहा. १९८३ मध्ये वडिलांच्या हाताखाली ठाणे जिल्हा न्यायालयात वकिली सुरू, २००३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती, २०१९ मध्ये कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती. त्यानंतर घोडं अडलं. नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ या न्या. शरद बोबडे यांच्या सरन्यायाधीशपदाच्या काळात सुप्रीम कोर्टासाठी एकही नाव पुढे गेलं नाही. कॉलेजियममध्येच एकमत होत नव्हतं. बातम्या अशा होत्या की देशातल्या मुख्य न्यायमूर्तींत ज्येष्ठ असलेले दोघे, अकील कुरेशी आणि अभय ओक, आधी घ्या, मग बाकीची नावं, असा आग्रह न्या. रोहिंटन नरिमन यांनी धरला होता.

कुरेशींचं नाव सरकारला का खुपत होतं, याचा अंदाज सगळ्यांना होता. गुजरात हायकोर्टात असताना, २०१० मध्ये, सोहराबुद्दीन चकमक प्रकरणात अमित शहांना सीबीआय कोठडीत पाठवण्याचा आदेश त्यांचा होता. २०१९ मध्ये, ते मुंबई हायकोर्टात असताना, कॉलेजियमने त्यांना मध्य प्रदेशचं मुख्य न्यायमूर्ती करायचं ठरवलं. सरकारने फाइल अडवली आणि कॉलेजियमने आपलाच ठराव बदलून त्यांना त्रिपुराला धाडलं. १२ ऑगस्ट २०२१ रोजी नरिमन निवृत्त झाले. आठवड्याच्या आत नऊ नावं गेली. त्यात ओक होते, कुरेशी नव्हते. ३१ ऑगस्टला नऊ जणांचा एकत्र शपथविधी झाला. कुरेशी राजस्थानच्या मुख्य न्यायमूर्तीपदावरून निवृत्त झाले.

सरकारने कायदा मोडला का? नाही. कॉलेजियमने मोडला? तोही नाही. कोणीही काहीही न मोडता एक माणूस बाहेर राहिला, आणि का, हे सांगणारा एकही अधिकृत कागद नाही. कॉलेजियमवर माझा राग आहे तो इथे.

ओक पुढे निवृत्तीआधीचे काही महिने स्वतः कॉलेजियमचे सदस्य होते. मे २०२५ मध्ये, कामाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्यांच्या आईंवर ठाण्यात अंत्यसंस्कार झाले, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत येऊन त्यांनी अकरा निकाल दिले. शेवटच्या दिवशी निकाल न देण्याची तिथली रीत त्यांना पसंत नव्हती.

सरकारने एकदा ही व्यवस्थाच बदलून पाहिली. २०१४ मध्ये संसदेने जवळपास एकमताने ९९ वी घटनादुरुस्ती केली आणि राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग, म्हणजे एनजेएसी, आणला. सहा सदस्य: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. ऐकायला बरं वाटतं. खोट एका कलमात होती. कोणतेही दोन सदस्य विरोधात गेले की नाव बाद. म्हणजे कायदामंत्री आणि एक मान्यवर मिळून तिन्ही न्यायाधीशांना गप्प बसवू शकत होते. शिवाय मान्यवर कशात मान्यवर असावेत, हे कायद्यात नव्हतंच. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पाच न्यायाधीशांनी ४ विरुद्ध १ अशा मतांनी आयोग रद्द केला. न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे कारण. वेगळं मत देणारे न्या. चेलमेश्वर म्हणाले की कॉलेजियम अपारदर्शक आहे आणि लोकांना तिथे काय चालतं हे कळायचा मार्ग नाही. मला निकाल पटतो आणि चेलमेश्वरही पटतात. आयोगाची कल्पना वाईट नव्हती, नकाराधिकाराचा तो हिशेब वाईट होता. तो दुरुस्त करून नवा मसुदा आणायचा सोडून दोन्ही बाजू जिथल्या तिथे बसून राहिल्या.

२०१७ पासून कॉलेजियमचे ठराव वेबसाइटवर येतात, पण कधी सविस्तर कारणं, कधी नुसती चार ओळींची बोळवण. ऑगस्ट २०२५ मध्ये न्या. विपुल पांचोली यांच्या नावाला न्या. नागरत्ना यांनी विरोध नोंदवल्याच्या बातम्या आल्या. जाहीर झालेल्या निवेदनात त्या विरोधाचा मागमूस नव्हता. याच न्या. नागरत्ना ज्येष्ठतेनुसार सप्टेंबर २०२७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश व्हायच्या आहेत, तेही ३६ दिवसांसाठी.

अमेरिकेत हेच भांडण टीव्हीवर चालतं. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट उलटतपासणी घेऊन मत देते. न्यायाधीश नऊ, मुदत तहहयात. एक जागा तीस वर्षांची असेल तर तिच्यासाठी कोण किती भांडेल, विचार करा. २०१६ मध्ये ओबामांनी दिलेल्या मेरिक गारलंड यांच्या नावावर रिपब्लिकन सिनेटने सुनावणीच घेतली नाही, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून. २०२० मध्ये त्याच पक्षाने मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी बसवलं. २०२२ मध्ये गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क त्या कोर्टाने काढून घेतला. तिथे सगळं उघड आहे, म्हणून तिथलं चांगलं, असं मला म्हणवत नाही. तिथे निदान कोणी कोणाला मत दिलं ते कळतं, एवढंच.

आपल्याकडचा एक फरक अमेरिकेशी तुलना करताना हमखास निसटतो. त्यांचे नऊजण एकत्र बसतात. आपल्या सुप्रीम कोर्टात २०१९ मध्ये मंजूर जागा ३४ झाल्या आणि बहुतेक प्रकरणं दोघा-तिघांच्या पीठापुढे चालतात. न्यायाधीश पासष्टीला निवृत्त होतात, त्यामुळे खुर्च्या सतत रिकाम्या होत असतात. तेव्हा कोण न्यायाधीश झालं याइतकंच कोणतं प्रकरण कोणाकडे गेलं हे मोलाचं. ते ठरवण्याचा अधिकार सरन्यायाधीशांचा, हायकोर्टात मुख्य न्यायमूर्तींचा. १२ जानेवारी २०१८ रोजी चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ या चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी घराच्या हिरवळीवर पत्रकार परिषद घेतली, ती याच तक्रारीसाठी: महत्त्वाची प्रकरणं ठरावीक पीठांकडे जाताहेत. त्यातले गोगोई पुढे सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर नियुक्त झाले. निवृत्तीनंतरची बक्षिसी हा या सगळ्यातला असा भाग आहे ज्यावर कॉलेजियम ठेवा की आयोग आणा, काहीच फरक पडत नाही.

कट्ट्यावरचे काका एवढं ऐकून म्हणाले, "मग करायचं काय ते सांगा की." मोठा बदल घटनादुरुस्तीशिवाय होणार नाही आणि ती लवकर होईल असं दिसत नाही. २०१५ च्या निकालानंतर कोर्टाने नेमणुकीची कार्यपद्धती नव्याने लिहायला सांगितलं होतं, ते घोंगडं भिजतच पडलंय. पण दोन गोष्टी घटनेला हात न लावता होऊ शकतात. नाव घेतलं किंवा गाळलं तर त्याचं कारण लिहून जाहीर करणं ही एक. मुदत ही दुसरी, आणि ती कागदावर आहेसुद्धा. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की कॉलेजियमने नाव पुन्हा पाठवल्यावर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी.

त्यानंतरचं आपल्या हायकोर्टाचं उदाहरण म्हणजे मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची शिफारस झाली. सरकारने नाव परत पाठवलं, कारण त्यांनी समाजमाध्यमांवर चालू प्रकरणांबद्दल मतं मांडली होती. १८ जानेवारी २०२३ रोजी कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की मतं मांडली म्हणून कोणी घटनात्मक पदाला अपात्र ठरत नाही. हे कारण जाहीर झालं म्हणून आपल्याला आज त्यावर वाद तरी घालता येतो. तीन-चार आठवड्यांच्या मुदतीने फेब्रुवारीत व्हायला हवी होती ती नेमणूक नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली.